आवाज गेला कुठे? लिनक्स सुरू होताना काय सांगतं ते ऐकूया

आज आपण आवाजाबद्दल बोलणार आहोत. खरं तर आवाज नसण्याबद्दल. लिनक्स टाकलेल्या लॅपटॉपवर व्हिडिओ चालू आहे, समोरच्याचे ओठ हलतायत, आणि स्पीकर मात्र मुका. ही झाली पहिली तक्रार. दुसरी तक्रार अशी की लॅपटॉप सुरू करताना काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी सरसर पळतात, मध्येच लाल अक्षरात "फेल्ड" किंवा "एरर" दिसतं, आणि छातीत धस्स होतं.

तुमच्या मेसेजेसमध्ये या दोन तक्रारी सगळ्यात जास्त येतात, आणि बहुतेक वेळा वेगवेगळ्या येतात. आज मला एवढंच सांगायचंय की पुष्कळदा त्या दोन्ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू असतात. आवाज का येत नाही याचं उत्तर त्या पळणाऱ्या ओळींमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं. आपण ते वाचत नाही, कारण ते वाचायचं असतं हेच आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सुरुवातीलाच एक सूचना. एपिसोडमध्ये मी कमांड तोंडी सांगितल्या, त्यामुळे इथेही त्या उच्चारासारख्याच लिहिल्यात. टर्मिनलमध्ये टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा, सगळी स्मॉल. कमांड टाइप करण्याआधी ती काय करते ते वाचा. आजच्या कमांडपैकी बहुतेक नुसत्या बघण्याच्या आहेत, त्यांनी काही बिघडत नाही. जिथे काही बदल होतो तिथे मी तसं स्पष्ट सांगेन.

नळाला पाणी नाही, मग आपण काय करतो?

सकाळी नळ सोडला आणि पाणी आलं नाही, तर आपण लगेच भिंत फोडत नाही. आधी शेजारी विचारतो, "तुमच्याकडे आलंय का?" मग गच्चीवरची टाकी बघतो. टाकी भरलेली असेल तर व्हॉल्व बघतो. व्हॉल्व उघडा असेल तर तोटी. म्हणजे पाणी कुठपर्यंत आलंय हे आधी शोधायचं आणि मग तिथेच हात घालायचा.

लिनक्समधल्या आवाजाचंही तसंच आहे. वरून खाली मोजले तर पाच टप्पे.

पहिला टप्पा ॲप. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, ऑनलाइन क्लासचं ॲप, जे काही असेल ते.

दुसरा टप्पा साउंड सर्व्हर. सगळ्या ॲप्सचे आवाज एकत्र करून ते स्पीकरला पाठवायचे, हेडफोनला, टीव्हीला की ब्लूटूथला, हे तो ठरवतो. आज बहुतेक नव्या लिनक्समध्ये हे काम पाइपवायर करतो. थोड्या जुन्यांमध्ये पल्सऑडिओ असतो.

तिसरा टप्पा मिक्सर. साउंड चिपच्या आतले व्हॉल्यूम आणि म्यूटचे खटके म्हणजे मिक्सर. स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणारा व्हॉल्यूम वेगळा आणि हे खटके वेगळे. इथेच पुष्कळांची फसगत होते.

चौथा टप्पा ड्रायव्हर. तो कर्नलच्या आत असतो. लिनक्समधल्या आवाजाच्या ड्रायव्हर्सच्या या सगळ्या व्यवस्थेचं नाव आल्सा. काही चिपना ड्रायव्हरसोबत फर्मवेअर नावाची एक वेगळी फाइल लागते. ती चिपच्या आत भरली जाते. ड्रायव्हर असून फर्मवेअर नसेल तर रिक्षा आहे पण गॅस भरलेला नाही, अशी अवस्था होते.

पाचवा टप्पा प्रत्यक्ष चिप, तारा आणि स्पीकर.

सुरुवातीच्या त्या पळणाऱ्या ओळी मुख्यतः चौथ्या आणि पाचव्या टप्प्याबद्दल बोलतात. म्हणून आवाज पूर्णच गायब असेल, सेटिंगमध्ये स्पीकरचं नावच नसेल आणि त्याजागी "डमी आउटपुट" लिहिलेलं असेल, तर आधी त्या ओळी वाचायच्या. डमी आउटपुट म्हणजे साउंड सर्व्हर सांगतोय, "मी कामावर हजर आहे, पण मला खालून एकही साउंड कार्ड मिळालेलं नाही."

मोबाइलवर हे का होत नाही?

हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळ जण विचारतात. तुम्ही हा एपिसोड अँड्रॉइड फोनवर ऐकत असाल तर त्या फोनच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे. तिथेही आवाजासाठी खाली आल्साच असतो. मग तो का रुसत नाही?

कारण फोन बनवणाऱ्या कंपनीने त्या एका मॉडेलसाठी सगळं आधीच जुळवून ठेवलेलं असतं. चिप कोणती, स्पीकर कुठल्या पिनला, माइक किती, हे ठरलेलं. लॅपटॉपवर तुम्ही डेबियन किंवा मिंट टाकता तेव्हा तुमच्या हातात कोणता लॅपटॉप आहे हे त्याला माहीत नसतं. सुरू होताना तो एकेक भाग चाचपडत ओळखतो. चाचपडताना जे सापडतं आणि जे सापडत नाही ते सगळं लिहून ठेवतो. स्क्रीनवर दिसतात त्या ओळी म्हणजे हीच नोंदवही.

शिवाय इंटेलच्या एचडी ऑडिओ पद्धतीत, जी २००४ पासून बहुतेक लॅपटॉपमध्ये आहे, कोणती पिन स्पीकरची आणि कोणती हेडफोनची हे लॅपटॉपच्या बायोसने सांगायचं असतं. काही मॉडेल्समध्ये ही माहिती चुकीची किंवा अर्धवट भरलेली असते. म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये शेकडो मॉडेल्ससाठी वेगवेगळ्या दुरुस्त्या लिहून ठेवाव्या लागल्या आहेत. अगदी नव्या लॅपटॉपवर आवाज येत नाही आणि काही महिन्यांनी कर्नल अपडेट केल्यावर येतो, त्याचं गुपित पुष्कळदा हेच असतं.

इतके थर का, आणि जुना सल्ला का चालत नाही?

थोडा इतिहास, कारण त्याचा उपयोग आहे. सुरुवातीच्या लिनक्समध्ये आवाजासाठी ओएसएस नावाची व्यवस्था होती. मग यारोस्लाव किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला आणि त्यातून १९९०च्या दशकाच्या शेवटी आल्सा उभा राहिला. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलमध्ये तोच मुख्य झाला. त्यावर पल्सऑडिओ आला. फेडोराने तो २००७ मध्ये आणि उबुंटूने २००८ मध्ये घेतला. नंतर विम टायमन्स यांनी पाइपवायर लिहिला. तो फेडोरा ३४ मध्ये, म्हणजे २०२१ साली, आवाजासाठी पल्सऑडिओच्या जागी आला, २०२२ मध्ये उबुंटू २२.१० ने घेतला आणि २०२४ मध्ये लिनक्स मिंट २२ ने.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. लक्षात एवढंच ठेवा की इंटरनेटवर सापडलेला सल्ला २०१० सालचा असेल तर तो वेगळ्याच घराच्या नळाबद्दल बोलतोय. "पल्सऑडिओ काढून टाका, पुन्हा टाका" असं लिहिलेलं असेल आणि तुमच्याकडे पाइपवायर असेल, तर ती कमांड चालवून असलेलंही बिघडू शकतं. सल्ल्याची तारीख बघा आणि आपल्या लिनक्सचं नाव, आवृत्ती बघा. मगच पुढे जा.

त्या ओळी वाचायच्या कशा?

उबुंटू, मिंट अशा लिनक्समध्ये सुरुवातीला कंपनीचं चिन्ह दिसतं आणि ओळी त्याच्यामागे लपलेल्या असतात. पुष्कळदा ते चिन्ह दिसत असताना एस्केप दाबलं की त्या दिसतात. पण पळत्या ओळी कोण वाचणार? त्यासाठी लॅपटॉप सुरू झाल्यावर टर्मिनल उघडा आणि लिहा: सुडो, स्पेस, डी-एम-ई-एस-जी. पासवर्ड विचारेल. तो टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, घाबरू नका, तो घेतला जातो. मग कर्नलची पूर्ण नोंदवही समोर येते.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकोनी कंसात एक आकडा असतो. तो कर्नल सुरू झाल्यापासूनचे सेकंद सांगतो. ४.२१ असेल तर सव्वाचार सेकंदांनी ती गोष्ट घडली. त्यापुढे कोण बोलतंय त्याचं नाव असतं. एस-एन-डी अशी सुरुवात असेल तर आवाजाचा ड्रायव्हर बोलतोय. एस-ओ-एफ असेल तर नव्या इंटेल चिपवरची साउंड ओपन फर्मवेअर ही व्यवस्था बोलतेय. त्यापुढे निरोप असतो.

हजार ओळींत आपल्याला हव्या त्या शोधायच्या तर त्याच कमांडपुढे उभी रेघ, मग जी-आर-ई-पी, स्पेस, हायफन आय, स्पेस आणि हवा तो शब्द. एकदा एस-एन-डी शोधा, एकदा एस-ओ-एफ, एकदा ऑडिओ, एकदा फर्मवेअर. चार वेळा शोधलं की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

फक्त गंभीर तक्रारी बघायच्या असतील तर जर्नल आणि त्याला चिकटून सी-टी-एल, स्पेस, हायफन बी, स्पेस, हायफन पी, स्पेस, ई-आर-आर. हायफन बी म्हणजे या वेळी सुरू झाल्यापासूनचं. लिनक्समध्ये निरोपांच्या ० ते ७ अशा आठ पायऱ्या असतात. ० म्हणजे हाहाकार, ७ म्हणजे बारीकसारीक बडबड. ई-आर-आर ही तिसरी पायरी, आणि या कमांडमध्ये ती आणि त्याहून गंभीर असलेलं सगळं दिसतं.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. पुष्कळ एरर ओळींच्या शेवटी उणे चिन्ह लावलेला एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे कारण.

उणे २ म्हणजे मागितलेली फाइल सापडली नाही.
उणे १६ म्हणजे ती गोष्ट दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे.
उणे १९ म्हणजे असं उपकरणच नाही.
उणे २२ म्हणजे दिलेली माहिती चुकीची आहे.
उणे ११० म्हणजे वाट बघितली, पण वेळेत उत्तर आलं नाही.

हे पाच लक्षात ठेवले तरी अर्धं काम झालं. उणे २ असेल तर चिप बदलायची गरज नाही, फाइल आणायची आहे. उणे ११० असेल तर चिप आहे पण बोलत नाही. अशा वेळी लॅपटॉप रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करून बघा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, आणि काही वेळा चिप अर्धवट झोपेत राहते.

कोणत्या ओळींना घाबरायचं नाही

नोंदवहीतली प्रत्येक लाल ओळ संकट नसते. काही नेहमीच्या ओळी सांगते.

"एसीपीआय बायोस एरर" आणि पुढे कुठलंतरी नाव सापडलं नाही असं. लॅपटॉपच्या बायोसमधल्या कोष्टकात काहीतरी गफलत असल्याची ही नोंद. लॅपटॉप नीट चालत असेल तर सोडून द्या.

डिस्कचं नाव, पुढे "क्लीन", मग फाइल्स आणि ब्लॉक्सचे मोठाले आकडे. ही तर चांगली बातमी आहे. डिस्क तपासली आणि ती स्वच्छ निघाली. ही ओळ बघून डिस्क गेली असं समजून फोन करणारे लोक मला माहीत आहेत!

"टेंट्स कर्नल" असं काहीतरी. कर्नलसोबत न आलेला एखादा ड्रायव्हर, उदाहरणार्थ एनव्हिडियाचा, भरला गेला एवढंच.

"अ स्टार्ट जॉब इज रनिंग" आणि पुढे दीड मिनिटाचं घड्याळ. ही ओळ आवाजाशी संबंधित नसते. पुष्कळदा जुनं पार्टिशन काढून टाकलेलं असतं आणि लिनक्स त्याची वाट बघत ९० सेकंद थांबतं. पार्टिशनच्या यादीची फाइल दुरुस्त करावी लागते, पण त्यासाठी पूर्ण इन्स्टॉल पुन्हा करायची गरज नसते.

आणि एक फसवी ओळ. वायफायचा ड्रायव्हर "फर्मवेअर लोड फेल्ड, उणे २" असं दोनचार वेळा म्हणतो आणि पुढच्याच ओळीत फर्मवेअर मिळाल्याचं सांगतो. तो आधी नवी आवृत्ती मागतो, नाही मिळाली की त्याहून जुनी मागतो. दुकानात आपण पाचशेचे सुट्टे मागतो, नाहीत म्हटल्यावर दोनशेचे मागतो, तसंच. म्हणून एरर दिसली की तिथेच थांबू नका. पुढच्या तीनचार ओळी वाचा. गोष्ट तिथे सुटली असेल तर ती अडचण नव्हतीच.

एका श्रोत्याचा लॅपटॉप

गेल्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेकंडहँड लॅपटॉप घेतला, चार जीबी रॅम, त्यावर विंडोज रांगत होतं म्हणून मित्राकडच्या जुन्या पेनड्राइव्हवरून डेबियन ११ टाकलं. लॅपटॉप पळायला लागला, पण आवाज गेला, माइकही गेला. सोमवारी इंटर्नशिपची ऑनलाइन मुलाखत. दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं तर सांगितलं, "साउंडची आयसी गेली, बोर्डाचं काम आहे, काही हजार लागतील." तो म्हणाला, "ताई, तेवढ्यात तर मी एक महिना मेसचे पैसे भरतो."

मी त्याला पैसे देऊ नकोस एवढंच नाही सांगितलं. आधी दोन गोष्टी बघायला सांगितल्या. पहिली कमांड: एल-एस-पी-सी-आय, स्पेस, हायफन के. ही लॅपटॉपमधली उपकरणं आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर दाखवते. त्यात ऑडिओची ओळ होती. म्हणजे चिप बोर्डावर हजर होती आणि ओळख देत होती. आयसी पूर्ण मेलेली असेल तर पुष्कळदा ही ओळखच मिळत नाही.

दुसरी, नोंदवही. तिथे एस-ओ-एफच्या नावाने ओळ होती: फर्मवेअरची विनंती केली, अपयश, उणे २. आपल्याला आता याचा अर्थ माहीत आहे. फाइल सापडली नाही.

का सापडली नाही? २०१९-२० नंतरच्या पुष्कळ इंटेल लॅपटॉपमध्ये आतले डिजिटल माइक आवाजाच्या एका छोट्या प्रोसेसरला जोडलेले असतात, आणि त्या प्रोसेसरला फर्मवेअर लागतं. डेबियन ११च्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये अशी फर्मवेअर्स नव्हती, ती नॉन-फ्री नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेली होती. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ती अधिकृत इन्स्टॉलरमध्येच दिली जातात. म्हणजे जुना पेनड्राइव्ह हे कारण.

त्याचं वायफायही याच कारणाने बंद होतं, मग फाइल आणायची कशी? फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं. लिनक्सला हे बहुतेक वेळा लगेच ओळखता येतं. नॉन-फ्री कप्पा चालू केला, फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड नावाचं पॅकेज घेतलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. डमी आउटपुट गेलं, स्पीकर आला, माइकही आला. खर्च झाला तो मोबाइल डेटाचा.

दुकानदाराला मी खोटारडा म्हणणार नाही. त्याने आवाज येत नाही एवढं बघितलं आणि सवयीचं निदान केलं. पण त्या मुलाकडे नोंदवही वाचायची सवय असती तर दुकानापर्यंत जायची वेळच आली नसती. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याला ही सवय जास्त लागते.

ड्रायव्हर ठीक असेल तर वरचे टप्पे

ए-पी-एल-ए-वाय एकत्र, स्पेस, हायफन, स्मॉल एल. ही कमांड आल्साला दिसणारी साउंड कार्डं दाखवते. "नो साउंडकार्ड्स फाउंड" आलं तर खालीच अडचण आहे, नोंदवहीकडे परत जा. कार्डांची नावं आली तर पाणी टाकीपर्यंत आलंय, वर चला.

आता मिक्सर. ए-एल-एस-ए आणि त्याला चिकटून मिक्सर असं टाइप करा. उभ्या पट्ट्या दिसतील. एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा. पट्टीच्या खाली एम-एम असेल तर तो खटका म्यूट आहे, बाणाने तिथे जाऊन एम दाबा, शून्य-शून्य झालं की उघडला. मास्टर, स्पीकर, हेडफोन तिन्ही बघा. ऑटो-म्यूट मोड नावाचा एक खटका असतो. हेडफोन लावला की स्पीकर बंद करणं हे त्याचं काम. जॅकमध्ये धूळ किंवा बिघाड असेल तर हेडफोन लावलाच आहे असं त्याला वाटत राहतं. तो डिसेबल करून स्पीकर बोलतो का बघा. इथले बदल पुन्हा जागेवर आणता येतात.

मग साउंड सर्व्हर. सेटिंगमध्ये साउंड, आउटपुट. पुष्कळदा आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे न जोडलेल्या टीव्हीकडे जात असतो. स्पीकर निवडा, झालं. यादी बरोबर असूनही शांतता असेल तर सर्व्हर पुन्हा सुरू करा: सिस्टिम आणि चिकटून सी-टी-एल, स्पेस, दोन हायफन यूजर, स्पेस, रीस्टार्ट, स्पेस, पाइपवायर, स्पेस, वायरप्लंबर. जुळे पल्सवाले ॲप्स असतील तर पाइपवायर-हायफन-पल्सही जोडा. यासाठी सुडो लावायचं नाही, कारण हा सर्व्हर तुमच्या स्वतःच्या खात्यात चालतो.

ब्लूटूथबद्दल एक. हेडसेटवर गाणं छान वाजतं आणि कॉल सुरू झाला की आवाज जुन्या रेडिओसारखा होतो. हा ड्रायव्हरचा बिघाड नव्हे. गाण्यासाठीची पद्धत एकतर्फी असते, माइक लागला की हेडसेट कॉलच्या दुतर्फी पद्धतीवर जातो आणि दर्जा उतरतो. लॅपटॉपचा माइक निवडा, हेडसेट ऐकण्यापुरता ठेवा.

सगळ्यात शेवटी ॲप. ब्राउझरचा टॅब म्यूट आहे का, साइटला माइकची परवानगी आहे का. हे मी शेवटी सांगितलं, पण एकाच ॲपमध्ये आवाज नसेल तर इथूनच सुरुवात करा.

स्पीकर तपासायला स्पीकर-हायफन-टेस्ट, स्पेस, हायफन सी, स्पेस, २, स्पेस, हायफन टी, स्पेस, डब्ल्यू-ए-व्ही. एक बाई आळीपाळीने "फ्रंट लेफ्ट", "फ्रंट राइट" म्हणते. थांबवायला कंट्रोल आणि सी.

अपडेटनंतर आवाज गेला तर

काल होता, आज अपडेट केलं, गेला. तर आधी पूर्ण बंद करून चालू करा. नाही जमलं तर सुरुवातीला ग्रबच्या यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. उबुंटू, मिंट, फेडोरा जुना कर्नल ठेवूनच नवा घालतात. जुन्यावर आवाज आला तर दोष नव्या कर्नलमधल्या ड्रायव्हरमध्ये आहे हे पुराव्यानिशी कळलं. तोवर जुन्यावर काम चालू ठेवा.

एक इशारा. नव्या इंटेल लॅपटॉपसाठी "डीएसपी ड्रायव्हर बरोबर १" अशी ओळ एका फाइलमध्ये लिहायचा सल्ला खूप फिरतो. त्याने जुना ड्रायव्हर जबरदस्तीने वापरला जातो. स्पीकर येतो, पण आतला डिजिटल माइक पुष्कळदा जातो, कारण तो त्या छोट्या प्रोसेसरलाच जोडलेला असतो. मुलाखत द्यायची असेल तर हा सौदा महागात पडतो. आधी फर्मवेअर बघा, ही ओळ शेवटी. आणि लिहिलीच तर काय लिहिलं ते वहीत टिपून ठेवा, म्हणजे काढता येईल.

मदत मागताना

"साउंड येत नाही, प्लीज हेल्प" याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. लॅपटॉपचं मॉडेल, लिनक्सचं नाव आणि आवृत्ती, कर्नलची आवृत्ती, एपलेचं उत्तर आणि नोंदवहीतल्या आवाजाच्या ओळी, एवढं द्या. कर्नलची आवृत्ती यू-नेम, स्पेस, हायफन आर ने मिळते. फोनने काढलेला फोटो चालेल, पण ओळी कॉपी केलेल्या बऱ्या. पूर्ण नोंदवही कुठे टाकणार असाल तर आधी नजर फिरवा, त्यात तुमच्या वायफाय कार्डाचा पत्ता, लॅपटॉपला दिलेलं नाव असं काहीबाही असतं.

आणि अजून लिनक्स टाकलंच नसेल तर उत्तम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, त्यामुळे घरोघरचे जुने लॅपटॉप आता लिनक्सकडे येतायत. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा आणि त्यातच स्पीकर, हेडफोन, माइक, ब्लूटूथ चारही तपासा. दहा मिनिटं लागतात. तिथे आवाज आला तर इन्स्टॉलनंतरही येण्याची शक्यता खूप जास्त. नाही आला तर तिथेच नोंदवही उघडा. डिस्कवरचं काहीही गेलेलं नसेल आणि अडचण कुठे आहे हे आधीच कळलेलं असेल.

आज घरी गेल्यावर एक करा. सगळं नीट चालू असताना एकदा ती नोंदवही उघडा, आवाजाच्या ओळी शोधा आणि एका फाइलमध्ये साठवून ठेवा. तब्येत चांगली असतानाचा रिपोर्ट जवळ असला की आजारपणात काय बदललं ते पटकन दिसतं. तुमच्या नोंदवहीत न कळलेली ओळ सापडली तर मला पाठवा. पुढच्या भागात त्यातल्याच काही ओळी वाचूया. तोपर्यंत ऐकत राहा, आणि कधीमधी वाचतही राहा!